गाठ आणि ‘नॉट’: इंग्रजी वाक्प्रचार न चुकता कसे वापरायचे

मराठीत आपण गाठ या शब्दाकडून फार कामं करून घेतो. माणसाची गाठ पडते, पैसे गाठीला असतात, लग्नाची गाठ बांधली जाते, काखेत गाठ येते, आणि कोणी जास्त शहाणपणा केला तर ‘गाठ माझ्याशी आहे’ असंही बजावतो. इंग्रजीतली ‘नॉट’ यातली निम्मी कामंही करत नाही. उलट आपल्या गाठीला न जमणारी दोन-चार कामं ती करते.

मी कोल्हापुरात इंग्रजी बोलायला शिकवते. कॉलेजची मुलं येतात, स्पर्धा परीक्षावाले येतात, एमआयडीसीतली नोकरदार मंडळी येतात, मुलं परदेशी असलेले आई-वडीलही येतात. चूक सगळ्यांची एकच असते. आधी वाक्प्रचारांची यादी पाठ करायची, आणि मग मराठी वाक्यात गाठ दिसली की तिथे ‘नॉट’ बसवायची. खरं काम याच्या उलट क्रमाने करायचं असतं, म्हणून खालचे टप्पे एकामागून एक घ्या.

## आधीची तयारी

शब्दकोश. इंग्रजी-मराठी कोश इथे पुरत नाही. ऑक्सफर्ड, केंब्रिज किंवा लाँगमन यांचा शिकणाऱ्यांसाठी असलेला इंग्रजी-इंग्रजी कोश घ्या. तिन्ही इंटरनेटवर फुकट बघता येतात. या कोशांत अर्थाबरोबर उदाहरणाचं वाक्य असतं आणि शेजारी बारीक अक्षरात शेरा असतो: अनौपचारिक, ब्रिटिश, जुनाट, असभ्य. तुम्हाला वाचवणारा तो शेराच असतो, आणि नेमका तोच कोणी वाचत नाही. ‘नॉट’ शब्दाखाली वाक्प्रचार सापडला नाही तर ‘टाय’खाली बघा.

वही. पानावर चार रकाने आखा: प्रसंग, वाक्प्रचार, साचा, कुठे चालतो. मराठी अर्थाचा रकाना मुद्दाम ठेवलेला नाही. तो आखला की तुम्ही तेवढाच पाठ करता.

उच्चार आणि स्पेलिंग. के, एन, ओ, टी. सुरुवातीचा ‘के’ मुका असतो, ‘नी’ आणि ‘नाइफ’मध्ये असतो तसाच. ‘क्नॉट’ म्हणू नका. ‘नाही’ या अर्थाचा ‘नॉट’ हुबेहूब असाच उच्चारतात, त्यामुळे टाइप करताना ‘के’ राहून जातो, आणि मोबाइलही बऱ्याचदा चूक दाखवत नाही, कारण त्याच्या लेखी तोही शब्द बरोबरच असतो. पाठवण्याआधी स्वतः बघा.

## टप्पा १: मराठी वाक्यातली गाठ कसली आहे ते ठरवा

इंग्रजीकडे जाण्यापूर्वी गाठ हा शब्द काढून तेच वाक्य मराठीतच दुसऱ्या शब्दांत सांगा. ते जमलं की अर्धं काम झालं.

‘काल पापाच्या तिकटीला त्याची गाठ पडली’ म्हणजे भेट झाली. न ठरवता झाली असेल तर ‘आय रॅन इंटू हिम’, ठरवून झाली असेल तर ‘आय मेट हिम’. ‘नॉट’चा संबंध नाही. निवडणुकीतल्या ‘गाठीभेटी’ म्हणजे ‘मीटिंग्ज’ किंवा ‘व्हिजिट्स’.

‘गाठीला चार पैसे आहेत’ म्हणजे शिल्लक आहे: ‘आय हॅव सम सेव्हिंग्ज’. ‘वीस वर्षांचा अनुभव गाठीशी आहे’ हे मुलाखतीत हमखास येतं. तिथे सरळ ‘आय हॅव ट्वेंटी इयर्स ऑफ एक्स्पीरिअन्स’ म्हणा.

‘गाठ माझ्याशी आहे’ यासाठी ‘यू विल हॅव मी टु डील विथ’.

‘मनाशी खूणगाठ बांधली’ हे वाक्य दोन अर्थांनी येतं. लक्षात ठेवलं असा अर्थ असेल तर ‘आय मेड अ मेंटल नोट’; निश्चय केला असा असेल तर ‘आय मेड अप माय माइंड’. आठवण राहावी म्हणून रुमालाला गाठ मारायचा वाक्प्रचार इंग्रजीतही आहे, पण तो जुना आणि ब्रिटिश आहे. वाचताना आला तर समजला पाहिजे, एवढं पुरे.

पाडव्याला गुढीवर चढवतो त्या साखरेच्या गाठी परदेशी पाहुण्याला सांगताना ‘शुगर नॉट्स’ म्हटलं तर त्याला काहीही कळत नाही. ‘अ गार्लंड ऑफ शुगर कँडी’ म्हणा आणि माळ हातात द्या.

सावधान: शरीरातली गाठ. इथली चूक महागात पडू शकते, म्हणून सावकाश वाचा. आपल्या डॉक्टरशी आपण मराठीत बोलतो तेव्हा प्रश्न येत नाही. प्रश्न येतो तो मुलाकडे बंगळुरूला किंवा परदेशात असताना, ऑनलाइन सल्ला घेताना, विम्याचा इंग्रजी फॉर्म भरताना. छातीत, काखेत, मानेला हाताला लागणारी गाठ म्हणजे ‘लंप’. रक्ताची गाठ, म्हणजे गुठळी, ‘क्लॉट’. थायरॉइडची गाठ रिपोर्टमध्ये बहुधा ‘नोड्यूल’ म्हणून लिहिलेली असते. ‘नॉट’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला खांद्याचा किंवा पाठीचा आखडलेला स्नायू वाटतो, मालीश करून मोकळा होणारा. म्हणजे ज्या गाठीची तातडीने तपासणी व्हायला हवी, ती तुमच्याच शब्दामुळे किरकोळ ठरू शकते.

आणखी एक. ‘अ लंप इन माय थ्रोट’ हा इंग्रजीत वाक्प्रचारही आहे आणि त्याचा अर्थ गळा दाटून येणं. मानेला गाठ लागत असेल तर ‘नेक’ म्हणा, कुठल्या बाजूला आणि कधीपासून तेही सांगा.

तपासा: गाठ शब्द काढून मराठी वाक्य तयार झालं का? त्यात आता लग्न, घालमेल, गोंधळ, किचकट प्रश्न, वेग किंवा माणसांचा घोळका यांपैकी काही उरलं आहे का? उरलं असेल तरच पुढच्या टप्प्यावर जा. नाहीतर साधं इंग्रजी वाक्य करून मोकळे व्हा.

## टप्पा २: प्रसंगाला बसणारा वाक्प्रचार निवडा

लग्न: ‘टाय द नॉट’. याचा साचा पुढच्या टप्प्यात नीट बघू.

घालमेल: आपण म्हणतो ‘पोटात गोळा आला’. तो शब्दशः नेला तर पोटात चेंडू जातो. इंग्रजीत ‘देअर वॉज अ नॉट इन माय स्टमक’ किंवा ‘माय स्टमक वॉज इन नॉट्स’. दहावीच्या निकालाची साइट उघडत नाही तेव्हाचं पोट, ऑपरेशन थिएटरबाहेर बसलेल्या माणसाचं पोट. मुरडा आला असेल तर मात्र हे वाक्य नको; त्याला ‘क्रॅम्प्स’ म्हणतात.

गोंधळ: ‘टाय वनसेल्फ इन नॉट्स’ म्हणजे सारवासारव करताना, समजावून सांगताना स्वतःच्याच बोलण्यात अडकणं. ‘ही टाइड हिमसेल्फ इन नॉट्स ट्राइंग टु एक्स्प्लेन द डिले.’ दुसऱ्याला अडकवलं तर ‘टाय समवन इन नॉट्स’. आणि हा वाक्प्रचार शिकायला कोल्हापूरसारखी जागा नाही, कारण फुटबॉलच्या इंग्रजी कॉमेंट्रीत तो सारखा येतो. शाहू स्टेडियमवर पेठांचा सामना डोळ्यांसमोर आणा. डावीकडून चेंडू घेऊन आलेला पोरगा एक खांदा आत टाकतो, बॅक तिकडे झुकतो, चेंडू बाहेरून निघतो. दुसरा बॅक धावत येतो आणि त्याचाच पाय त्याच्या पायात अडकतो. ‘ही टाइड द डिफेंडर्स इन नॉट्स.’ गॅलरीतून हे दृश्य पाहिलेल्या मुलांना या वाक्याचा अर्थ मला कधी समजावून सांगावा लागत नाही.

किचकट प्रश्न: इथे दोन आहेत आणि त्यांची फार गल्लत होते. ‘अ नॉटी प्रॉब्लम’ म्हणजे गुंतागुंतीचा प्रश्न, बस्स. कोल्हापूरच्या हद्दवाढीच्या प्रश्नाला हे विशेषण चपखल बसतं. ‘कट द गॉर्डियन नॉट’ म्हणजे अशा प्रश्नाची उकल करत न बसता एका धाडसी निर्णयाने तो संपवणं. इ.स.पू. ३३३ मध्ये सिकंदराने गॉर्डियमची गाठ सोडवली नाही, तलवारीने कापली, अशी कथा सांगतात. कापली, एवढंच ध्यानात ठेवा.

दोन भावांचा बांधाचा वाद आहे असं धरा. मोजणी आणली, उतारे काढले, चार बैठका झाल्या आणि हळूहळू मिटवलं, तर ‘दे सॉर्टेड इट आउट’. इथे गॉर्डियन म्हणायचं नाही. दोघांनी एका दिवसात अख्खी जमीन विकली आणि पैसे निम्मे निम्मे वाटून घेतले, तर ‘दे कट द गॉर्डियन नॉट’.

घोळका: ‘अ नॉट ऑफ पीपल’ म्हणजे एकमेकांना चिकटून उभी राहिलेली मोजकी माणसं. बिंदू चौकात पेपरभोवती जमलेले पाच-सहा जण ही ‘नॉट’. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला लागलेली गर्दी नव्हे. ती ‘क्राउड’ किंवा ‘क्यू’.

उरलीसुरली कामं: ‘टाय अप द लूज एंड्स’. मंडप उतरला, जेवणावळी झाल्या, आता केटररचा हिशेब आणि भाड्याची भांडी परत करायची आहेत. ती ‘लूज एंड्स’. याच्याशी ‘अ‍ॅट अ लूज एंड’ची गल्लत करू नका. त्याचा अर्थ हाताला काही काम नसणं.

सावधान: नॉटी आणि नॉटी. खोडकर या अर्थाचा ‘नॉटी’ आणि किचकट या अर्थाचा ‘नॉटी’ आपल्या तोंडून सारखेच निघतात. खोडकरमधला स्वर लांब आहे, स्पेलिंग एन-ए-यू-जी-एच-टी-वाय. किचकटमधला आखूड, स्पेलिंग के-एन-ओ-टी-टी-वाय. लिहिताना वापरा. बोलताना ‘प्रॉब्लम’, ‘इश्यू’ किंवा ‘क्वेश्चन’ लगेच जोडून म्हणा. फरक नीट जमत नसेल तर ‘कॉम्प्लिकेटेड’ म्हणा. साहेबांसमोर ‘धिस इज अ व्हेरी नॉटी मॅटर’ असं म्हणून थांबू नका.

## टप्पा ३: साचा पक्का करा

वाक्प्रचार निवडणं जमलं तरी बहुतेक जण इथे घसरतात. प्रत्येक वाक्प्रचारात काही भाग घट्ट असतो आणि काही बदलता येतो. वहीच्या तिसऱ्या रकान्यात घट्ट भागाखाली रेघ मारा.

‘टाय द नॉट’ घेऊ. यात ‘द’ घट्ट आहे. ‘दे टाइड अ नॉट’ म्हटलं तर दोघांनी दोरीला गाठ मारली. ‘नॉट’ एकवचनी, सामुदायिक विवाह सोहळा असला तरी: ‘फिफ्टी कपल्स टाइड द नॉट’. बदलतं ते फक्त क्रियापद: टाय, टाइड, टाइंग. ‘टाइंग’चं स्पेलिंग टी-वाय-आय-एन-जी.

मग कर्ता कोण? लग्न करणारी माणसंच. आपल्याकडे लग्न आई-वडील लावून देतात, म्हणून ‘माय फादर टाइड माय नॉट’ किंवा ‘वी टाइड अवर डॉटर्स नॉट’ अशी वाक्यं येतात. दोन्ही चूक. वडिलांच्या तोंडी ‘वी गॉट अवर डॉटर मॅरिड’ किंवा ‘अवर डॉटर टाइड द नॉट इन मे’. ‘देअर नॉट वॉज टाइड’ असं उलटवूनही चालत नाही. कोणाशी हे सांगायचं तर ‘विथ’ लावा: ‘शी टाइड द नॉट विथ हर क्लासमेट’. आणि इथेच एक गंमतशीर वाटणारी पण खरी अडचण आहे. ‘मॅरी’ या क्रियापदाला ‘विथ’ लागत नाही. ‘शी मॅरिड हर क्लासमेट’. एकाचं शेपूट दुसऱ्याला लावण्याची चूक इतकी पसरली आहे की ही दोन वाक्यं वहीत एकाखाली एक लिहून ठेवा.

लग्नात उपरणं आणि शालू यांची खरोखरच गाठ मारतात. तो विधी सांगताना वाक्प्रचार वापरू नका, घडतं ते सांगा: ‘द एंड्स ऑफ देअर गार्मेंट्स आर टाइड टुगेदर’.

बाकीच्यांचं थोडक्यात. ‘इन नॉट्स’मध्ये नेहमी अनेकवचन आणि मध्ये ‘द’ नाही. ‘अ नॉट इन माय स्टमक’मध्ये एकवचन आणि ‘अ’ हवाच. ‘गॉर्डियन’चा ‘जी’ मोठा, कारण ते विशेषनामावरून आलं आहे.

तपासा: वाक्यातला कर्ता बदलून बघा, मी, ती, ते. घट्ट भाग जागचा हलला नाही ना?

## टप्पा ४: कुठे चालतो ते ठरवा

आता चौथा रकाना. कोशातला शेरा बघा आणि इथे उतरवा.

‘टाय द नॉट’ अनौपचारिक आहे. बातमीच्या मथळ्यात, मित्राच्या अभिनंदनाच्या मेसेजमध्ये चालतो. विवाह नोंदणीचा अर्ज, प्रतिज्ञापत्र, व्हिसा, नोकरीचा बायोडेटा यांत ‘मॅरिड’ लिहायचं. पत्रिकेतही मी तो टाळायला सांगते. घरच्या वडीलधाऱ्यांच्या नावाने निघालेल्या निमंत्रणात तो फार सैल वाटतो.

‘अ‍ॅट अ रेट ऑफ नॉट्स’ म्हणजे भन्नाट वेगाने. हा ब्रिटिश आणि हलकाफुलका आहे. ‘द भेल सोल्ड अ‍ॅट अ रेट ऑफ नॉट्स’ हे रंकाळ्यावरच्या संध्याकाळी शोभतं. पण पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून ४३ फुटांच्या धोका पातळीकडे निघाली असताना, लोक घरं सोडत असताना, हे शब्द वापरू नका. ‘द वॉटर इज रायझिंग फास्ट’ एवढंच म्हणा. अर्थ बरोबर असून प्रसंग चुकला की वाक्प्रचार ऐकणाऱ्याला लागतो. अमेरिकन माणसाशी बोलतानाही हा टाळा. त्याला तो अनोळखी असू शकतो.

वापरू नका: ‘गेट नॉटेड’. यादीत दिसतो म्हणून मुलं उत्साहाने पाठ करतात. ही ब्रिटिश शिवराळ बोली आहे, ‘चल, चालता हो’ या सुराची. समजून घ्या, तोंडात घेऊ नका. ‘निकर्स इन अ नॉट’ असाही एक आहे, उगाच त्रागा करणाऱ्याला उद्देशून म्हणतात. ऑफिसात, त्यातही बायकांना उद्देशून, अजिबात नको.

## टप्पा ५: आकडा आला की वाक्प्रचार संपला

चक्रीवादळाच्या बातमीत किंवा जहाजाच्या माहितीत ‘नॉट’ आली की ते वेगाचं एकक असतं. एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, आणि सागरी मैल १,८५२ मीटरचा. म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर.

एककात तास आधीच आलेला आहे. म्हणून ‘फॉर्टी नॉट्स पर अवर’ चूक, ‘फॉर्टी नॉट्स’ बरोबर. बातम्या भाषांतरित करणाऱ्यांकडून ही चूक सर्रास होते. मराठीत लिहिताना वाचकाला किलोमीटर द्या: ३४ नॉट म्हणजे ताशी साधारण ६३ किलोमीटर, आणि त्या आसपास पोचल्यावर हवामान खातं त्याला चक्रीवादळ म्हणायला लागतं. घाईत असाल तर दुप्पट करा आणि थोडं कमी करा.

## टप्पा ६: वाक्य करा, मग बोला

आता सराव, आणि इथेही क्रम आहे.

१. कोशातलं उदाहरणाचं वाक्य जसंच्या तसं तीनदा मोठ्याने वाचा.

२. त्यातला एकच शब्द बदला. नाव किंवा ठिकाण. साचा अजून हलवू नका.

३. काळ बदला.

४. तुमच्या घरातल्या, गल्लीतल्या, ऑफिसातल्या खऱ्या प्रसंगावर वाक्य करा. खरा प्रसंग सुचत नसेल तर तो वाक्प्रचार तुम्हाला सध्या लागत नाही. बाजूला ठेवा, पुढचा घ्या.

५. इंटरनेटवर तो साचा अवतरण चिन्हांत टाकून शोधा आणि चांगल्या इंग्रजी दैनिकांतली दोन-तीन वाक्यं तुमच्या वाक्याशेजारी ठेवा. ‘द’, ‘विथ’, एकवचन-अनेकवचन जुळतंय का बघा.

६. शेवटी कोणालातरी ऐकवा, पण वाक्प्रचार वापरतोय हे आधी सांगू नका. त्याने ऐकून पुढचं बोलणं सुरू ठेवलं तर जमलं. त्याने थांबून ‘म्हणजे काय?’ विचारलं तर टप्पा ४ पुन्हा बघा.

एका संभाषणात एक वाक्प्रचार भरपूर झाला. मुलाखतीत तर एकही न वापरता साधं, बिनचूक बोललेलं मला जास्त आवडतं. आठवड्याला दोन घ्या. पन्नासची यादी फोनमध्ये पडून राहते.

## परीक्षा देणाऱ्यांसाठी

पर्यायी प्रश्नांत जवळजवळचे दोन अर्थ शेजारी ठेवलेले असतात. प्रश्नात नुसतं ‘गॉर्डियन नॉट’ असेल तर उत्तर ‘अतिशय अवघड प्रश्न’. ‘कट’ जोडलेला असेल तर उत्तर ‘धाडसी कृतीने प्रश्न संपवणं’. ‘कट’ शब्द आहे की नाही हे आधी बघा, मग पर्याय वाचा. ‘टाय द नॉट’च्या पर्यायांत ‘वचन देणे’ आणि ‘घट्ट मैत्री करणे’ असे फसवे अर्थ येऊ शकतात. उत्तर लग्न करणे. ‘अ‍ॅट अ रेट ऑफ नॉट्स’मध्ये ‘ठरावीक वेगाने’ हा पर्याय दिसला तर तो सोडा आणि ‘अतिशय वेगाने’ निवडा. रिकामी जागा भरायची असेल तर बहुधा ‘द’, ‘विथ’ किंवा ‘इन’ यांपैकीच काहीतरी विचारलेलं असतं, म्हणून आदल्या रात्री वहीतला तिसरा रकाना एकदा डोळ्यांखालून घाला.